१२ किमी रस्ता: वेळ-चेनेज आलेखावर पेव्हर डब्ल्यूएमएमला कुठे गाठतो, ते कसं काढायचं?

खडीमुरूम

चौपदरीकरणाचं काम आहे. सध्या फक्त डावी बाजू, चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, किमी+मीटर) ०+००० ते १२+०००. जीएसबी (सर्वांत खालचा खडी-मुरमाचा थर) जवळपास आटोपलं आहे. १ डिसेंबर २०२५ पासून डब्ल्यूएमएम (पाणी मिसळून दाबलेली खडी; २५० मिमी, १२५-१२५ च्या दोन थरांत) आणि त्यावर डीबीएम (डांबरमिश्रित खडीचा थर, पेव्हर यंत्राने पसरायचा) ७५ मिमी, रुंदी ९ मी. वेट मिक्स प्लांट ताशी २०० टनांचा, हॉट मिक्स ताशी १२० टनांचा. ७+४०० ला लहान पूल आहे. त्याच्या जोडरस्त्यांसह ७+२०० ते ७+६०० हा तुकडा २५ जानेवारीनंतरच मिळेल.

प्रायमाव्हेरात (कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) बार चार्ट केला आहे. ५०० मीटरचे २४ तुकडे, प्रत्येकात ९ कामं, म्हणजे २१६ ओळी. सगळं हिरवं दिसतं, पण पेव्हर कुठल्या दिवशी कुठे असेल हे त्यातून कळत नाही. वेळ-चेनेज आलेख (कुठलं काम कुठल्या तारखेला कुठे असेल, हे रेघांनी दाखवणारा) काढायचा आहे आणि हाताशी फक्त एक्सेल आहे. पेव्हर डब्ल्यूएमएमच्या मागे किती दिवसांनी सोडावा?

तिरपीरेघ

आधी दोन्ही रेघांचा वेग काढा, रेखाटन नंतर.

डब्ल्यूएमएम: १००० × ९ × ०.२५ = २२५० घनमीटर, घनता २.२ धरली तर किमीला ४९५० टन. प्लांट ८ तास, ७० टक्के कार्यक्षमता म्हणजे दिवसाला साधारण ११०० टन. पूर्ण जाडीत २२० मीटर पडतं. १२ किमीला ५४.५ दिवस.

डीबीएम: ६७५ घनमीटर × २.३५ = किमीला १५८६ टन. १२० × ८ × ०.६ = ५७६ टन, म्हणजे ३६० मीटर. १२ किमीला ३३.३ दिवस.

मागचं काम (डीबीएम) पुढच्यापेक्षा (डब्ल्यूएमएम) जोरात आहे, आणि बार चार्ट लपवतो ते हेच. अशा वेळी दोन रेघांमधली कमीत कमी फट सुरुवातीला नसते, शेवटच्या चेनेजला असते. म्हणून हिशेब १२+००० पासून उलटा लावायचा. डब्ल्यूएमएमनंतर तीन दिवस सोडा: एक घनता आणि लेव्हल तपासायला, एक पृष्ठभाग झाडून प्राइम कोट (खडीच्या थरावर पातळ डांबराचा फवारा) मारायला, एक तो सुकायला (रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये किमान २४ तास आहेत). ५४.५ + ३ − ३३.३ = २४.२. पेव्हर २४ दिवसांनी सोडायचा. चौथ्या दिवशी सोडलात तर पाच-सहा दिवसांत तो डब्ल्यूएमएमच्या टोळीच्या पाठीवर येईल आणि मग रोज तीनेक तास रिकामा उभा राहील.

मागचं काम सावकाश असतं, तर कमीत कमी फट ०+००० ला आली असती आणि तीन दिवसांनी सोडणं बरोबर ठरलं असतं. प्रायमाव्हेरात नुसता 'स्टार्ट टू स्टार्ट' (एक सुरू झाल्यावर दुसरं सुरू) आणि लॅग (मधले दिवस) दिलात की जोरात चालणारं मागचं काम पुढच्याच्या आधी संपूनही सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. 'फिनिश टू फिनिश' (एक संपल्यावर दुसरं संपेल असा) लॅगही सोबत द्यावाच लागतो.

हायवा_ट्रिप

गणित बरोबर, पण २४ दिवस उघडं डब्ल्यूएमएम साईटवर टिकत नाही. वाहतूक बंद आहे म्हटलं तरी आपलेच टँकर आणि हायवा (डंपर) त्यावरून जातात. बारीक माल उडतो, खडी सुटी होते, मग पुन्हा पाणी मारून रोलर फिरवा.

पेव्हरची रेघ ६+००० ला तोडा. पहिला अर्धा भाग: डब्ल्यूएमएम २७.३ व्या दिवशी पोचतं, पेव्हरला १६.७ दिवस लागतात, म्हणजे तो १४ व्या दिवशी सोडता येतो. उघडं राहण्याचा सर्वांत मोठा काळ २४ वरून १४ वर आला. दुसरा भाग ४१ व्या दिवशी. मधले दहा दिवस हॉट मिक्स प्लांट सर्व्हिस रोडला द्या. ते काम नसेल तर तोडू नका, डब्ल्यूएमएमचे तास वाढवा. हॉट मिक्स मुद्दाम हळू चालवण्यात फक्त डिझेल जळतं.

दुसरं म्हणजे २२० मीटर हा वेग प्लांटच्या जवळचा आहे. ११०० टन म्हणजे २० टनांच्या ५५ ट्रिपा. फेरी तासाभराची असेल तर दिवसाला एका गाडीच्या सात-आठ ट्रिपा होतात, ८ गाड्या पुरतात. लांबच्या टोकाला फेरी पावणेदोन तासांची झाली की साडेचार ट्रिपा, म्हणजे १३ गाड्या. त्या मिळणार नसतील तर रेघ सरळ काढू नका, जिथे लीड (प्लांटपासून माल वाहून नेण्याचं अंतर) वाढतं तिथे वाकवा. सरळ रेघ दाखवून मार्चमध्ये 'उत्पादन घटलं' म्हणणाऱ्या मीटिंगा पुष्कळ होतात.

तिरपीरेघ

तोडलेली रेघ मान्य, सर्व्हिस रोडचं काम हातात असेल तर माझाही कौल तिलाच. आता पूल बघा. रविवार वगळून मोजलं तर डब्ल्यूएमएम ७ जानेवारीच्या आसपास ७+२०० ला येतं. तिथून उडी मारून ७+६०० ला जायचं. पेव्हर २४ दिवसांनी सोडा नाहीतर ६+००० ला तोडा, दोन्हींत ७+२०० ला २० जानेवारीलाच पोचतो, आणि तुकडा मिळणार २५ ला. आलेखावर पुलाचा चौकोन काढलात की रेघ त्याच्या पोटात घुसलेली दिसेल. पर्याय दोनच: पेव्हर थांबवा, किंवा ४०० मीटर सोडून पुढे जा आणि नंतर परत या. परत यायचं तर दोन आडवे सांधे वाढतात. ते उभे कापून, टॅक कोट (थर चिकटवणारा डांबराचा हात) मारूनच पुढे जा, नाहीतर पुलाच्या दोन्ही बाजूंना गचका बसतो तो कायमचा.

जलवाहिनी

पाइपलाइनवाल्यांनी हे वाचलं तर एक फरक लक्षात ठेवा. खोदाई आणि टाकणी तिरप्या रेघा, पण हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने गळती तपासणं) तुकड्यातुकड्याने होते, त्यामुळे ती पायऱ्यांसारखी येते. ५०० मीटरचा तुकडा पूर्ण जोडल्याशिवाय टेस्ट नाही. साडेपाच मीटरचे डीआय (डक्टाइल आयर्न) पाइप दिवसाला २० टाकले तर ११० मीटर, म्हणजे टेस्टची टोळी पाच दिवस मागेच. शिवाय इथे फट दिवसांत मोजण्यापेक्षा मीटरमध्ये मोजावी, कारण किती मीटर चर उघडा ठेवायचा यावर बंधन असतं. मुरमातून कठीण खडकात शिरताच खोदाईची रेघ मोडते. ट्रायल पिटवरून (आधी खणून पाहिलेल्या खड्ड्यांवरून) तो चेनेज आधीच आलेखावर टाका, ब्रेकर तिथे वेळेवर हवा.

खडीमुरूम

धन्यवाद. तोडलेली रेघच घेतो, सर्व्हिस रोडचं काम आहे. एक्सेलमध्ये लाइन चार्ट घेतला तर चेनेज समान अंतरावर येतात, ७+२०० आणि ७+६०० मधलं अंतर खरं दिसत नाही. उभा अक्ष कशाचा ठेवायचा?

तिरपीरेघ

लाइन चार्ट नको, स्कॅटर घ्या, सरळ रेघांचा. आडवा अक्ष चेनेज (मीटरमध्ये, सेल फॉरमॅट 0"+"000), उभा तारखेचा. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात उलट असतं, वेळ आडवी आणि स्टेशनं उभी. रस्त्याला चेनेज आडवा बरा, कारण खाली स्ट्रिप प्लॅन (रस्त्याचा लांबट नकाशा) चिकटवता येतो. मात्र मग उभट रेघ म्हणजे सावकाश काम, हे मुकादमापर्यंत सगळ्यांना एकदा सांगून ठेवा.

तारखेच्या अक्षाला किमान-कमाल आकड्यांत द्या, आपोआपवर सोडू नका. १ नोव्हेंबर २०२५ म्हणजे ४५९६२, १५ जून २०२६ म्हणजे ४६१८८. मेजर युनिट ७.

प्रत्येक कामाला दोन रकाने, चेनेज आणि तारीख. रेघ तोडायची तिथे एक ओळ पूर्ण रिकामी सोडा. सूत्राने "" आणू नका: चेनेजच्या रकान्यात तसा एक जरी सेल आला तरी एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि सगळे चेनेज १, २, ३ करून टाकतं. पुलाचा चौकोन म्हणजे पाच बिंदू, पहिला आणि पाचवा एकच. भूसंपादन अडलेला तुकडा, जंगल खात्याची परवानगी, वीजवाहिनी हलवणं, सगळं याच पद्धतीने वेगळ्या रंगात. पावसाळा पूर्ण रुंदीचा पट्टा. उजव्या बाजूचा आलेख वेगळ्या शीटवर ठेवा.

हायवा_ट्रिप

प्रत्यक्ष प्रगती तुटक रेघेने त्याच आलेखावर टाका. त्यासाठी डीपीआरमध्ये (रोजच्या प्रगतीच्या अहवालात) 'डब्ल्यूएमएम ४५० मी' चालणार नाही, '३+१२० ते ३+५७०, वरचा थर' असं हवं. बेरीज बरोबर असूनही तुकडे विखुरलेले असतात, आणि पेव्हरला सलग लांबी लागते. अडथळ्यांच्या चौकोनांवर तुकडा ताब्यात मिळाल्याची तारीख आणि पत्राचा क्रमांक लिहून ठेवा, मुदतवाढ मागताना हाच कागद जोडावा लागतो.

आणि बायपासमुळे कुठे चेनेज इक्वेशन (चेनेजचे आकडे सलग न राहता मागे-पुढे उडी मारतात ती जागा) असेल तर आलेखासाठी सलग अंतराचा वेगळा रकाना करा. नाहीतर त्या ठिकाणी रेघ मागे वळते, किंवा न झालेलं काम झालेलं दिसतं.