पावसाळ्यात एचेव्हेरिया कशी टिकवायची? मदत हवी आहे

नमस्कार. फोंड्यात राहते, सक्युलंट्स (पानांत पाणी साठवणारी जाड पानांची झाडं) नव्यानेच लावायला घेतली आहेत. हावर्थिया आणि जेड छान आहेत, पण एचेव्हेरियाची खालची पानं पिवळी, पाणीदार होऊन नुसत्या बोटाच्या स्पर्शाने गळतात. देठ मात्र अजून टणक आहे. कुंडी मातीची, खाली भोक आहे. मिश्रणात चिऱ्याची बारीक खडी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं शेणखत. पाऊस लागल्यापासून पाणी बंदच केलंय, तरी माती आतून ओलसरच राहते. बाल्कनी पूर्वेची, पत्र्याखाली. झड आत येत नाही. ग्रो लाइट (झाडांसाठीचा खास दिवा) सध्या परवडणार नाही.

झाड खूप लाडकं आहे, गमवायचं नाही. आत्ताच काढून कोकोपीट नसलेल्या कोरड्या मिश्रणात लावू, की अशा दमट हवेत मुळांना हात न लावता ऑक्टोबरपर्यंत थांबू? गोव्या-कोकणात ज्यांची एचेव्हेरिया पावसाळा काढते, ते कोकोपीटऐवजी काय घालतात?