'टेप लूप'ला मराठीत काय म्हणाल?

कानसेन: लंडनच्या 'दिस हीट' या बँडवर लेख लिहितोय. ब्रिक्स्टनमध्ये मांस साठवायच्या जुन्या शीतगृहात, 'कोल्ड स्टोरेज'मध्ये, काम करणारं त्रिकूट. १९७९च्या त्यांच्या पहिल्या तबकडीवर '२४ ट्रॅक लूप' आहे. यातल्या लूपला, म्हणजे टोकं जोडून तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या फितीला, 'आवर्तन' म्हटलं तर चालेल?

तिहाई: आवर्तन नको हो. आवर्तनाला मात्रा असतात, सम असते. लय चढली तरी तीनताल सोळाचाच राहतो. लूपचं माप सेंटिमीटरमध्ये. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंमी धावते, म्हणजे २४ सेंमी फितीत साधारण पाच सेकंद मावतात. एका यंत्रावर २४ आणि दुसऱ्यावर २३ सेंमीचा लूप एकदम सोडा: दोन्ही घसरत घसरत ११६ सेकंदांनी पुन्हा जुळतील, तेही दोन्ही मोटरी तंतोतंत एका वेगाने फिरल्या तर. हे कुठल्या तालात बसवणार?

शब्दखोर: मग 'वेटोळं'?

पेचकस: वेटोळ्याला दोन टोकं मोकळी असतात, साप आठवा. लूपची टोकं जुळलेली. पिठाच्या गिरणीचा पट्टा असतो ना, तसा. माझं मत 'फितीचा पट्टा', आणि स्प्लाइसला, म्हणजे टोकं जोडतात त्या जागेला, 'सांधा'. खरी करामत सांध्यातच आहे.

दोन्ही टोकं एकावर एक धरून ४५ अंशांत एकाच घावात कापायची, म्हणजे कोन आपोआप जुळतो. सरळ आडवं कापलंत तर प्रत्येक फेऱ्याला 'टक्' येतो. तिरक्या सांध्यात मोनोचा दीड मिलिमीटरचा ट्रॅक ओलांडायला ०.०३ सेकंद जातो, आवाज एकात एक मिसळतो. टोकं एकमेकांवर चढवायची नाहीत, मध्ये फटही नको. चिकटपट्टी फितीच्या आतल्या अंगाला, कारण कॅसेटमध्ये हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, बाहेरची बाजू घासते. साधी सेलोटेप लावू नका. तिचा डिंक पाझरून रबरी चाकाला लागतो. आणि पातं चुंबकाला लागलेलं असेल तर कोन बरोबर असूनही 'टक्' राहतोच.

कानसेन: 'पट्टा' म्हटलं की वाचकाला कमरेचा आठवेल.

शब्दखोर: 'लूप'ने तरी काय वेगळं होणार? १९६५पासून कुटुंबनियोजनवाल्यांनी गर्भनिरोधक म्हणून 'लूप बसवला' घरोघरी पोचवलाय. शिंप्याकडे त्याचीच 'लुप्पी' झाली, पँटीवर पट्टा ओवायची. म्हणजे लुप्पीतून पट्टा जातो आणि तुम्ही लूपलाच पट्टा म्हणताय.

पेचकस: हे बाकी खरं. पण 'पट्टा' घेतला की क्रियापदं फुकट मिळतात. ढिला पडला की कॅपस्टनला, म्हणजे फीत ओढणाऱ्या फिरत्या दांडीला, गुंडाळतो, यंत्र फीत खातं. ताठ झाला की ओढ बसते आणि सूर लहरतो. काही डेक तर बॉबिन (कॅसेटमधली फीत गुंडाळायची चकती) फिरत नसली की आपोआप बंद पडतात. म्हणून कॅसेटच्या कोपऱ्यांतल्या दोन्ही छोट्या चाकांबरोबर पट्टा एका बॉबिनवरूनही न्यावा.

तिहाई: एक भर. सांधा कितीही सफाईचा असो, आवाज जिथे तुटून जुळतो तिथेच दोन-चार फेऱ्यांनंतर कान सम धरतो. सांधा दोन सेंटिमीटर पुढे सरकवून कापलात तर तोच आवाज वेगळ्या ठेक्याचा वाटतो.

कानसेन: ठरलं. शीर्षकात 'टेप लूप', मजकुरात 'पट्टा' आणि 'सांधा'. 'आवर्तन' खोडलं.