चार्जिंग स्टेशन टाकू का? (मुंबई-गोवा महामार्ग, खेड-चिपळूण पट्टा) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

वय २७, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, चार वर्षं लोट्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. परशुराम घाट चढायच्या अलीकडे, म्हणजे मुंबईकडच्या बाजूला, महामार्गालगत आमची खानावळ आहे. आईबाबा चालवतात. चौपदरीकरणात पुढची पडवी आणि दोन हापूसची कलमं गेली. त्या मोबदल्यातले ६ लाख अजून बँकेत आहेत. बाजूला सात-आठ गाड्या सहज लागतील एवढी जागा आहे.

गेल्या गणपतीत एक ठाण्याचं कुटुंब जेवायला थांबलं आणि विचारलं, "भाऊ, इथे गाडी चार्ज करता येईल का?" पुढच्या तीन दिवसांत आणखी पाच जणांनी तेच विचारलं. तेव्हापासून डोक्यात हा किडा आहे.

एका कंपनीच्या माणसाने येऊन जागा बघितली. (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.) प्रस्ताव असा: ६० किलोवॉटचा डीसी (जलद) चार्जर, दोन गन (गाडीला लावायच्या केबल). चार्जर, वेगळी डीपी (ट्रान्सफॉर्मर), केबल, शेड, पाटी सगळं मिळून माझा खर्च २२ लाख. अ‍ॅप त्यांचं, विक्रीतला १५ टक्के वाटा त्यांचा. अडीच वर्षांत पैसे वसूल म्हणतो.

मी माझा हिशोब मांडला तो असा. ग्राहकाला युनिटमागे २० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. वीज, स्थिर आकार सोडून बाकी सगळं धरून, मी १० रुपये पकडली आहे. कंपनीचे ३ गेले. उरले ७. स्वतःचे ६ घालून १६ लाख कर्ज, साडेदहा टक्क्यांनी सात वर्षं धरलं तर हप्ता साधारण २७ हजार. म्हणजे रोजचे ९०० रुपये, म्हणजे रोज जवळजवळ १३० युनिट विकायलाच हवीत. एक गाडी सरासरी २५ युनिट घेते असं मानलं तर रोज पाच गाड्या. त्यातून फक्त हप्ता सुटतो. स्थिर आकार, दुरुस्ती, बारक्या पोराचा पगार वेगळाच.

आता, गणपती, दिवाळी, मे महिना आणि शिमगा या दिवसांत पाच काय पंधरा येतील. पण जुलैत? मी तीन रविवार आणि एक बुधवार गल्ल्यावर बसून हिरव्या पाट्यांच्या गाड्या मोजल्या. रविवारी बऱ्या होत्या. बुधवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नऊ, त्यातल्या आमच्याकडे वळलेल्या दोन.

प्रश्न असे आहेत:

कंपनीचा माणूस ६० किलोवॉटच्या खाली यायलाच तयार नाही. ३० चा टाकला तर चालेल का? की सरळ ७.४ किलोवॉटचे दोन एसी (सावकाश भरणारे) चार्जर लावावेत, ते तर लाखाच्या आसपास होतात?

सातबारावर काका-आत्यांची धरून अकरा नावं आहेत. दोन आत्या मुंबईला, एक काका सुरतेला. बँक काय म्हणेल?

आणि सरकारी योजनेचं खरं काय ते कुणी सांगेल का? व्हॉट्सअ‍ॅपवर तर ८० टक्के अनुदानाचे मेसेज फिरतायत.

बाबांचं मत लिहूनच ठेवतो: "पंपवाला पेट्रोलवर कमावतो की शेजारच्या वडापाववर ते आधी बघून ये."

प्रतिसाद १ (ठाणे, इलेक्ट्रिक नेक्सॉन चालवतो)

तुमचे बाबा बरोबर आहेत, पण उलट बाजूनेही. मी गावी जाताना चार्जर बघून जेवायची जागा ठरवतो, जेवण बघून चार्जर नाही. पाऊण तास बसायचंच असतं, मग मुलांना वडे, बायकोला चहा, आईला स्वच्छ संडास. हे शेवटचं फार महत्त्वाचं, हसू नका.

एसीचा विचार महामार्गावर सोडा. तुमच्याकडे ४० मिनिटं जेवलो तर ७.४ वर जेमतेम ५ युनिट जातील, म्हणजे ३०-३५ किलोमीटर. तेवढ्यासाठी कोण केबल काढणार?

दुसरं, चालू असलेला चार्जर ठेवा. नकाशावर दिसतो, जागेवर गेलं की स्क्रीन काळी, हे दोनदा झालंय. रात्री साडेअकरा वाजता, सासूबाई गाडीत. त्या जागेचं नाव मी आयुष्यात विसरणार नाही आणि तिथे पुन्हा जाणारही नाही.

प्रतिसाद २ (वीज क्षेत्रातून निवृत्त)

आधी गैरसमज. वीज विकायचा परवाना लागत नाही. चार्जिंग ही सेवा आहे, विजेची विक्री नाही, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केलं आहे. मात्र खानावळीच्या मीटरवर तो लोड टाकू नका. चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे, मीटर वेगळाच घ्या. दिवसा उन्हाच्या वेळी दर उतरतो आणि संध्याकाळी चढतो, तेव्हा दिवसभर एकच १० रुपये धरून चालणार नाही. तुमचं गिऱ्हाईक बहुधा दुपारी जेवायला येणारं, हे तुमच्या पथ्यावर.

आता लोड. गावातली डीपी ६३ किंवा १०० केव्हीएची असते आणि ती आधीच वाकलेली असते. ६० किलोवॉट त्यावर बसणार नाही, स्वतंत्र डीपी तुमच्या खर्चाने. तिथेच तुमचे २२ लाख फुगलेत. ३० किलोवॉट कदाचित बसेल. कंपनीच्या माणसावर विसंबू नका, महावितरणच्या सेक्शन ऑफिसला स्वतः जा, अर्ज करा आणि एस्टिमेट हातात घ्या. त्या कागदाशिवाय बाकीचा हिशोब वाळूवरचा आहे.

जीएसटीबद्दलही एक सांगतो. विजेवर जीएसटी नाही, त्यामुळे त्याचं क्रेडिट (आधी भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. चार्जर, केबल वगैरेवर जो जीएसटी भरता, तेवढाच काय तो वजा होईल. ग्राहकाकडून घेतलेले १८ टक्के जवळजवळ सगळे भरावे लागतात. २० रुपये "सगळं धरून" असं पाटीवर लिहायचा मोह झाला तर तुमच्या हातात १७ रुपयेच येतात. ७ चे ४ होतील.

प्रतिसाद ३

योजनेबद्दल. तो ८० टक्क्यांचा मेसेज पीएम ई-ड्राइव्हचा, म्हणजे केंद्राच्या इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या योजनेचा असणार. योजना खरी आहे, २०२४ साली आली, १०,९०० कोटींची, त्यातले २,००० कोटी चार्जिंग स्टेशनसाठी. पण तो पैसा सरकारी खाती आणि संस्थांमार्फत जातो. तुम्ही-आम्ही घरबसल्या फॉर्म भरून मिळणारी ती गोष्ट नव्हे. फॉर्म भरून देतो म्हणून कुणी पाच हजार मागितले तर त्याला आईच्या हातचं जेवण घाला आणि बिल लावा.

तुमच्या कामाची योजना पीएमईजीपी, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प, ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला २५ टक्के आणि विशेष प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान. ते अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं, लगेच हातात येत नाही. सध्या अर्ज घेतायत का ते रत्नागिरीच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. तिथेच राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचीही चौकशी होईल.

सातबाराचं म्हणाल तर अकरा सह्या गणपतीत सगळे घरी असतानाच घ्या. नोंदणी केलेला भाडेकरार करा, दीर्घ मुदतीचा. तोंडी "तुझंच आहे रे" वर बँक आणि आत्या, दोघीही नंतर फिरतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. जीएसटीचं मला खरंच कळलं नव्हतं, वही पुन्हा काढली. पहिल्या दादांनी लिहिलेला संडासाचा मुद्दा आईला वाचून दाखवला, ती म्हणाली मी पाच वर्षं हेच सांगतेय.

३० किलोवॉटवर गिऱ्हाईक नाराज होईल का?

प्रतिसाद ४ (गुहागर)

बऱ्याच गाड्या ५० च्या वर घेतच नाहीत. आणि ६० च्या चार्जरला दोन गाड्या लागल्या की वाटणी होऊन ३०-३० च मिळतात. महिंद्राच्या नव्या मोठ्या बॅटरीच्या गाड्यांना मात्र ६० पण कमीच, त्या १४०-१७५ पर्यंत ओढतात. त्यांच्या मागे तुम्ही धावूच नका.

पण मला वेगळंच सांगायचं आहे. माझं इथे चार खोल्यांचं होमस्टे आहे. दर शनिवार-रविवारी निदान एक तरी पाहुणा गाडी लावायला प्लग मागतो. मी पाण्याच्या पंपाच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर जोडून द्यायचो. एकदा गाडी चार्जच घेईना, स्क्रीनवर अर्थिंगचा फॉल्ट. दुसऱ्या पाहुण्याच्या वेळी पॉइंट वितळला. नशीब, नारळाच्या झावळांपर्यंत गेलं नाही. गावातला वायरमन म्हणतो, "जांभ्यात अर्थिंग लागत नाही, सोडून द्या." मुंबईहून माणूस बोलवायचा तर येण्याजाण्याचेच इतके सांगतो की बोलायची सोय नाही.

पाहुणा रात्रभर झोपतो, इथे एसी चार्जरचं काम आहे. तुमच्यासारखा डिप्लोमावाला, चार वर्षं एमआयडीसीत हात काळे केलेला पोरगा, गुहागर-दापोली पट्ट्यात नीट अर्थिंग करून, योग्य आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि वीज पडली तर वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर लावून, वर्षाची देखभाल घेणारा असेल, तर मी पहिलं गिऱ्हाईक. माझ्या ओळखीची सहा घरं आहेत. २२ लाख घालायची गरज नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

याला माझा दुजोरा. फक्त सुपरवायझरचं प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराचा परवाना आधी काढा, नाहीतर काम तुमचं आणि सही दुसऱ्याची असं होईल. जांभ्यात अर्थिंग लागतं. एका खड्ड्यावर भागत नाही एवढंच. केमिकल अर्थिंगचे (रसायन भरलेले) दोन-तीन खड्डे एकमेकांना जोडायचे आणि रीडिंग उन्हाळ्यात घ्यायचं. पावसात सगळ्यांचंच रीडिंग सुंदर येतं.

धागाकर्ता

चार दिवस झोप नाही. सांगतो काय ठरलं.

कंपनीच्या माणसाला गणपतीपर्यंत थांबा म्हटलं. तो म्हणाला, ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे. बाबा म्हणाले, मग संपू दे. महावितरणला ३० किलोवॉटचा अर्ज टाकतोय, एस्टिमेट आलं की इथेच आकडा लिहीन. खानावळीच्या अंगणात मोबाइलला रेंज एकच काडी येते हेही आजच लक्षात आलं. सिमवर चालणारा चार्जर सुरूच कसा होणार? त्यावर उपाय माहीत असेल तर सांगा.

नोकरी सोडत नाही. रविवारी गुहागरच्या काकांकडे जातोय, आधी फक्त बघायला आणि अर्थिंगचं रीडिंग घ्यायला. कंपनीतला टेस्टर बाहेर नेता येत नाही. खेड किंवा चिपळूणमध्ये अर्थ टेस्टर दोन दिवस भाड्याने देणारं कुणी माहीत आहे का?