शाळेच्या ऑफिसचे मेसेज: कटकट की काळजी?

खिडकीतली ताई
काल एका पालकाने इथे लिहिलं, "शाळेच्या ऑफिसला दुसरं काम नाही. हजेरी सांभाळा, मूल न्यायला येताना ओळखीचं कार्ड आणा, मुलांशी बोला. दिवसाला तीन-तीन मेसेज. आम्ही पालक आहोत, त्यांचे विद्यार्थी नाही." खाली अंगठ्यांची रांग लागली होती. रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतेय.

मी 14 वर्षं एका अनुदानित शाळेत लिपिक आहे. प्राथमिकचा पट सहाशेच्या वर आणि ऑफिसात आम्ही दोघं. पहिल्या तासाला वर्गावर्गातून गैरहजर मुलांच्या चिठ्ठ्या येतात. ज्यांचा अर्ज नाही, निरोप नाही, त्यांच्या घरी मी फोन लावते. दोन वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलाच्या आईला असाच फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, तो तर पावणेसातलाच निघालाय." पुढचा अर्धा तास कसा गेला ते मलाच ठाऊक. शिपाईमामा सायकल काढून धावले. पोरगं देवळामागच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलं होतं. गृहपाठ झाला नव्हता, म्हणून. तो फोन गेला नसता तर आईला दुपारी शाळा सुटल्यावर कळलं असतं. याला कटकट म्हणता?

वैतागलेला बाबा
ते लिहिणारा मीच. ताई, फोनबद्दल माझी तक्रार नाहीच. मुलीच्या शाळेतून आलेला मेसेज जसाच्या तसा देतो: "हजेरी 75 टक्क्यांपेक्षा कमी झाल्यास पटावरून नाव कमी करण्यात येईल, याची नोंद घ्यावी." मुलगी दुसरीत आहे. कांजिण्या झाल्या होत्या. अर्ज दिला, डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं, तरी हा मेसेज. 75 टक्क्यांची अट दहावी-बारावीला बोर्डाची. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. मग धमकी कशाच्या जोरावर?

आणि कार्ड. जुलैत माझे वडील नातीला आणायला गेले, कार्ड घरी राहिलं. तीच शाळा, तेच गेट, दोन वर्षं रोज जातात. तरी भर पावसात चाळीस मिनिटं बाहेर उभे. नात आतून "आजोबा, आजोबा" म्हणून हाका मारतेय. मी ऑफिस सोडून पोचलो तेव्हा कुठे सोडलं. बाहत्तर वर्षांचा माणूस घरी येऊन म्हणाला, "मी काय चोर आहे का रे?"

खिडकीतली ताई
पटावरून नाव काढायचं वाक्य चूक आहे, मान्य. आमच्याही मेसेजमध्ये ते वर्षानुवर्षं कॉपी होत आलंय. पण कार्डाबद्दल मी मागे हटणार नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला शाळेतच दोन लहान मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर हेच पालक ऑफिसात येऊन टेबल आपटून विचारत होते की गेटवर कोण असतं, मूल कुणाच्या ताब्यात देता. आता विचारपूस केली की अपमान होतो.

दोन मुलींची आई
ताई, बदलापूरचं नाव घेताय तर पूर्ण घ्या. तिथे धोका गेटबाहेरच्या आजोबांकडून नव्हता, शाळेच्या आतल्या कर्मचाऱ्याकडून होता. सरकारने त्यानंतर सीसीटीव्ही लावा, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती नेमा म्हणून बजावलं. आमच्या शाळेत त्या समितीत कोण आहे, हे तीनदा विचारलं. उत्तर नाही. पालकांना आठवण करून देणारे मेसेज रोज येतात. शाळेने स्वतःला आठवण करून दिल्याचा एक तरी मेसेज दाखवा.

सकाळची घाई
मुळात हजेरी का पडते ते बघा ना! सकाळी 7 ची शाळा. पहिलीतलं पोर साडेपाचला उठवायचं, दात घासता घासता झोपतं. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग 9 च्या आधी भरवू नका. आमच्या शाळेने एक कागद लावला की "अडचणीमुळे शक्य नाही". वर पुन्हा उशिरा येणाऱ्यांना गेट बंद. शासनाचा आदेश शाळेने मोडला तर अडचण, मी पाच मिनिटं उशिरा पोचले तर बेशिस्त!

खिडकीतली ताई
सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक, वर्गखोल्या त्याच. 9 ला शाळा भरवली तर साडेबाराला येणारी मोठी मुलं बसवायची कुठे? गच्चीवर?

सकाळची घाई
खोल्या बांधा. इमारत निधी घेता ना दरवर्षी?

पिवळी व्हॅन
मी मुलं ने-आण करतो, 11 वर्षं झाली. 9 च्या शाळेला आमचाही विरोध होता आणि त्याचं कारण कुणी विचारलं नाही. सकाळी 7 ला रस्ता मोकळा असतो. 9 ला त्याच रस्त्याने सगळी ऑफिसं निघतात. माझ्या दोन फेऱ्या होतात, त्यातली एक बंद पडेल. मग भाडं वाढवलं की हेच पालक बोंबलणार.

दोन मुलींची आई
दोन फेऱ्या म्हणजे एका फेरीत मुलं किती कोंबता ते पण सांगा. स्कूल बसची 2011 ची नियमावली आहे, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी. तिची बैठक कधी झाली, ते कुठल्या मेसेजमध्ये येतं?

पिवळी व्हॅन
माझ्याकडे परवाना आहे, फिटनेस आहे. कोंबणारे वेगळे, आणि स्वस्त पडतं म्हणून त्यांच्याकडे मुलं देणारे तुमच्यातलेच आहेत.

उसाच्या वाटेवरचा मास्तर
तुमचं 7 आणि 9 चालू द्या. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि माझा वर्ग निम्मा होतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, पोरं बैलगाडीत मागे. मेसेज कुणाला पाठवू? बापाचा फोन फडावर, रिचार्ज संपलेलं. आम्ही हंगामी वसतिगृहासाठी घरोघर फिरतो, पोर आजीजवळ ठेवा म्हणून हात जोडतो, जाणाऱ्याला शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल. मागास आणि गरीब घरच्या मुलींना शाळेत यावं म्हणून 1992 पासून उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला 1 रुपया. त्या रुपयासाठी हजेरीपत्रकं भरताना हात दुखले, पण एका आईने तोच रुपया दाखवून नवऱ्याला गप्प केलेलं मी पाहिलंय. तुम्हाला कुणीतरी रोज विचारतंय की मूल कुठे आहे, याचा त्रास होतो?

वैतागलेला बाबा
मास्तर, तुमच्या कामाला नमस्कार. पण तिकडचं दुःख मोठं म्हणून इकडची धमकी बरोबर होत नाही.

मंगळवारची आई
आजवर फक्त वाचत होते. माझा मुलगा पाचवीत असताना मंगळवारी त्याचं पोट दुखायचं. मी ओवा दिला, डॉक्टर केले, ओरडलेसुद्धा. "मुलांशी संवाद साधा" हा शाळेचा मेसेज मीही न वाचता पुसायचे. एक दिवस ऑफिसमधल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "हजेरीपत्रक समोर आहे. दोन महिन्यांत सहा दिवस नाही आला, सहाही मंगळवार. काही आहे का?" मंगळवारी व्हॅनमध्ये खेळाच्या सरावाची मोठी मुलं असायची. मागच्या सीटवर त्याला दाबून बसवायची आणि मांडीला चिमटे काढायची. त्या रात्री चड्डी वर करून दाखवली त्याने. हिरवे-निळे डाग. आई असून मला दिसलं नव्हतं, त्या बाईंना शाईच्या फुल्यांमध्ये दिसलं.

पिवळी व्हॅन
ताई, हे आमच्या लोकांनी बघायलाच हवं होतं. आरसा असतो समोर. मी लहान मुलं पुढे बसवतो, पण हे वाचून उद्यापासून मागेही नीट बघेन.

वैतागलेला बाबा
असा फोन मला आला असता तर मी पाया पडलो असतो. माझा राग "याची नोंद घ्यावी"वर आहे.

खिडकीतली ताई
उद्या मोठ्या बाईंसमोर नवा मजकूर ठेवणार आहे: "आज तुमचं मूल वर्गात नाही. बरं आहे ना? ऑफिसला कळवा." पट, टक्के काही नाही. आणि कार्ड विसरलं तर आजोबांना आत बाकावर बसवून आई-वडिलांना फोन लावायचा, हेही मांडते. पण मूल त्या फोनशिवाय सोडणार नाही.

वैतागलेला बाबा
बाकावर बसवलं असतं तर मी कालचं लिहिलंच नसतं. दुसरं कार्ड करून बाबांच्या पाकिटात ठेवलंय.

सकाळची घाई
आणि 9 चं काय? त्याला कुणीच उत्तर दिलेलं नाही.