मदत हवी आहे: मोबाइलमधलं ओळखपत्र कसं तपासता?

वयाची अट असलेला माल विकताना आमच्या काउंटरवर क्रम ठरलेला आहे: मूळ कार्ड हातात घ्यायचं, आधी मुदत, मग जन्मतारीख, मग फोटो आणि चेहरा. कडा उचकटलेल्या असल्या तर विक्री नाही. अडतं ते मोबाइलपाशी. कार्डाच्या फोटोतली तारीख कोणीही बदलू शकतं, तिरपं धरून होलोग्राम बघता येत नाही, म्हणून फोटोला सरळ नकार. पण अधिकृत अ‍ॅपमधलं ओळखपत्र आणि त्याचा स्क्रीनशॉट, हा फरक गर्दीत कसा ओळखता? गिऱ्हाईकाला अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडायला लावता, की क्यूआर स्कॅन करता? आणि नकारानंतर सोबतचा मित्र कार्ड दाखवून तीच वस्तू मागतो, तेव्हा? ('दिसायला मोठा वाटतो' हे उत्तर कृपया नको.)