मदत हवी आहे: डावीकडे नमपायचा आकडा आला की माझा `__आरमल__` चालतच नाही

नमस्कार मंडळी,

अभियांत्रिकीच्या मुलांना हिल सायफर (मजकूर गुप्त करायची एक पद्धत) शिकवायला पायथनमध्ये छोटा मॅट्रिक्स क्लास लिहिते आहे. (कोडमधली नावं इथे देवनागरीत टंकली आहेत. नमपाय म्हणजे NumPy, आकड्यांच्या अ‍ॅरेंवर गणित करणारी पायथनची लायब्ररी; `__आरमल__` म्हणजे `__rmul__`, माझा क्लास `*` च्या उजवीकडे असताना चालणारं फंक्शन.) लेस्टर हिलने १९२९ मध्ये मांडलेली ही पद्धत. अक्षरांना ० ते २५ आकडे द्यायचे, किल्लीच्या मॅट्रिक्सने गुणायचं आणि २६ ने भागून बाकी ठेवायची. मजकूर उलगडायला किल्लीचा व्यस्त लागतो, म्हणजे किल्लीशी गुणल्यावर एकक मॅट्रिक्स देणारा मॅट्रिक्स.

फळ्यावरचं गणित जसंच्या तसं कोडमध्ये दिसावं म्हणून ऑपरेटर ओव्हरलोड केले आहेत, म्हणजे गणिताच्या चिन्हांनी माझ्या क्लासवर काय करायचं ते मीच ठरवलं आहे. आकड्याने गुणायला `*`, मॅट्रिक्सने मॅट्रिक्सला गुणायला `@`. मॉड २६ (२६ ने भागून बाकी ठेवणं) दोन्हींच्या आतच होतं. मुलांना ते लक्षात ठेवावं लागू नये, याचसाठी हा सगळा खटाटोप.

आता अडचण. किल्ली [[३, ३], [२, ५]], निश्चयक ३ × ५ − ३ × २ = ९. मॉड २६ मध्ये ९ चा व्यस्त ३, कारण ९ × ३ = २७. अ‍ॅडजॉइंट (कर्णावरच्या आकड्यांची अदलाबदल, उरलेल्या दोघांची चिन्हं उलट) मॉड २६ मध्ये [[५, २३], [२४, ३]]. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे किल्लीचा व्यस्त. `३ * अ‍ॅडजॉइंट` लिहिलं की [[१५, १७], [२०, ९]] येतं, अगदी बरोबर. पण व्यस्तांचा तक्ता नमपायच्या अ‍ॅरेत ठेवला आहे. तिथून तोच ३ उचलून `तक्ता[९] * अ‍ॅडजॉइंट` केलं तर [[१५, ६९], [७२, ९]] मिळतं, आणि ते माझ्या क्लासचं नसून नमपायचा अ‍ॅरे असतं. एररही येत नाही. पुढे `किल्ली @ उत्तर` केलं की [[२६१, २३४], [३९०, १८३]]. बाकी काढली तर हा एकक मॅट्रिक्सच आहे, पण `==` ची तपासणी नापास होते आणि मुलं गोंधळतात.

`__आरमल__` मध्ये प्रिंट टाकून पाहिलं. साध्या ३ ला छापतं, नमपायच्या ३ ला नाही. क्रम उलटा करून `अ‍ॅडजॉइंट * तक्ता[९]` लिहिलं तर चालतं. पण सूत्रात आकडा आधी येतो, आणि दर ठिकाणी `इंट()` लावायला सांगणं मला पटत नाही. हे क्लासच्या आतूनच सोडवता येईल का?

प्रतिसाद १

ताई, `क * ख` दिसलं की पायथन साधारणपणे आधी डावीकडच्याला विचारतो. साधा `इंट` तुमचा क्लास ओळखत नाही, म्हणून `नॉटइम्प्लिमेंटेड` (‘मला हे जमत नाही’) परत देतो आणि पाळी तुमच्या `__आरमल__` वर येते. नमपायचा आकडा नकार देत नाही. तुमच्या क्लासला `__लेन__` आणि `__गेटआयटम__` (लांबी सांगणारं आणि घटक देणारं फंक्शन) असणार. ते पाहून नमपाय त्याला यादी समजतो, अ‍ॅरेत बदलतो आणि स्वतःच गुणून मोकळा होतो. मॉड २६ त्याला कुठून कळणार?

क्लासमध्ये एकच ओळ घाला: `__अ‍ॅरे_यूफंक__ = नन` (नन म्हणजे None). नमपाय १.१३ पासून याचा अर्थ ‘माझ्याशी गणित करू नकोस, मागे हो’ असा आहे. मग `__आरमल__` ला बोलावणं येईल. `@` साठी `__आरमॅटमल__` सुद्धा लिहा, नाहीतर डावीकडे अ‍ॅरे आला की टाइपएरर (या प्रकारांवर ही क्रिया होत नाही, अशी एरर) मिळेल. चुपचाप चुकीचं उत्तर येण्यापेक्षा तो बराच, पण तरी लिहा.

धागाकर्ती

चाललं! [[१५, १७], [२०, ९]], आणि माझ्याच क्लासचं. मनापासून आभार.

जोडून एक विचारते. दोन मॅट्रिक्समध्ये `*` वापरला तर सध्या मी टाइपएरर देते. एक सहकारी म्हणतात, तिथेही मॅट्रिक्स गुणाकारच होऊ दे, मॅटलॅबमध्ये (गणिताच्या एका सॉफ्टवेअरमध्ये) तसंच आहे. माझा कल नाही म्हणण्याकडे आहे. नमपायमध्ये `मॅट्रिक्स` आणि `अ‍ॅरे` या दोन प्रकारांत `*` चे दोन अर्थ होते, आणि तो घोळ मिटावा म्हणूनच पायथन ३.५ मध्ये `@` आला. तुम्ही शिकवताना काय करता?

प्रतिसाद २

टाइपएररच ठेवा. संदेशात मात्र ‘मॅट्रिक्स गुणाकारासाठी @ वापरा’ असं स्पष्ट लिहा.