सचिव आणि उत्पादक, दोघांनाही मिल्क टेस्टर नको. सुरुवात कशी करावी?

नवा_चेअरमन
गावची दूध संस्था. १४० उत्पादक, सकाळी साधारण ६०० लिटर, बहुतेक गायीचं. आजवर दूध लिटरच्या मापाने, फॅट गर्बरवर (ॲसिडची चाचणी), डिग्री म्हणजे दुधाची घनता लॅक्टोमीटरवर, नोंद वहीत. आता अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींवर दूध तपासणारा) टेस्टर, इलेक्ट्रॉनिक काटा आणि पावतीचा प्रिंटर घेतलाय. सचिव म्हणतात वहीच बरी. उत्पादक म्हणतात मशीन फॅट मारतं, म्हणजे कमी दाखवतं. सक्ती केली तर काही घरं खासगी डेअरीकडे जातील.

टेस्टर_दुरुस्ती
‘फॅट मारतं’ यात बहुतेक वेळा चूक सॅम्पलची असते. ताज्या धारेच्या दुधात हवा असते, फेसासकट सॅम्पल दिलं की अल्ट्रासॉनिकचं रीडिंग भरकटतं. किटलीत थांबलेल्या दुधावर साय चढते. वरचं घेतलं तर फॅट जास्त, तळाचं घेतलं तर कमी. दूध दोन-तीनदा वरखाली ओता, फेस बसू द्या, मग मधून सॅम्पल घ्या. टेस्टरवर गाय-म्हैस चॅनल बरोबर लावलंय का, दरवेळी बघा.
संकलन संपलं की लगेच कोमट पाणी, मग क्लीनर, आठवड्याला ॲसिड क्लीनर. नळीत दूध वाळलं तर रीडिंग हळूहळू सरकतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

जुना_सचिव
सचिवांचंही ऐका. फॅट ३.४५ असेल तिथे ३.५ लिहून भांडण मिटवायची त्यांची मोकळीक जाते, शिव्या मात्र तेच खाणार. शिवाय एका सॅम्पलला ४५ सेकंद धरले तरी १४० जणांना पावणेदोन तास. रांग तुंबली की ते वही काढणारच. वाड्यावार वेळा ठरवून द्या, आणि लाइट गेली तर बॅटरी बॅकअप हवाच.
काट्याचं आधी मिटवा. १० लिटर दूध म्हणजे सुमारे १०.३ किलो. दर लिटरवर आणि काटा किलोवर, असं राहिलं तर फटका संस्थेला बसतो. उलटं झालं तर उत्पादकाला. वैधमापनचा शिक्का दरवर्षी लागतो.

लॅब_बीएमसी
एसएनएफचं, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांचं, सूत्र कुणी विचारलं नाही. डिग्री २८, फॅट ३.५ घ्या. ‘डिग्री भागिले ४, अधिक ०.२५ गुणिले फॅट, अधिक ०.४४’ धरलं तर ८.३ येतं. ‘०.२ गुणिले फॅट, अधिक ०.३६’ धरलं तर ८.१. दूध तेच! गायीचा दर फॅट ३.५, एसएनएफ ८.५ वर ठरत असेल तर हा ०.२ चा फरक थेट बिलात दिसतो आणि शिव्या मशीनला. तुमचं दूध घेणारा संघ कोणतं सूत्र वापरतो ते लेखी घ्या, टेस्टर त्याच्याशी जुळवून घ्या.
गर्बर विकू नका. रोज पाच सॅम्पल दोन्हींवर, उत्पादकासमोर: आधी १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग १०.७५ मिली दूध बाजूने हळू सोडायचं, १ मिली अमाइल अल्कोहोल, ६५ अंशाच्या पाण्यात ठेवायचं, मग ११०० आरपीएमवर फिरवायचं. फरक ०.१ च्या आत हवा.

टेस्टर_दुरुस्ती
पाच सॅम्पल ठीक. पण सगळ्यांचं महिनाभर दोन्हींवर नको. दोन आकडे दिसले की जो तो आपला मोठा आकडा धरून बसतो. एक बिल, म्हणजे दहा दिवस पुरे. पैसे वहीवरच द्या, मशीनची पावती उत्पादकाच्या नुसती हातात द्या. पुढच्या बिलाच्या १, ११ किंवा २१ तारखेपासून मशीनवर. मध्येच बदललं तर एका बिलात दोन हिशोब येतात.

नवा_चेअरमन
आणि पंधरा दिवसांनी ‘मशीन बंद आहे’ म्हणून हातानेच आकडे टाकायला लागले तर?

जुना_सचिव
लागतीलच. मॅन्युअल एंट्रीला पासवर्ड ठेवा, तो तुम्ही आणि एक संचालक यांच्याकडे. अशा प्रत्येक पावतीवर ‘हस्तनोंद’ छापून आलं पाहिजे. दर बिलाला रोजचे फॅट-किलो (दुधातलं एकूण फॅट किलोत) ताडा: संस्थेत ६०० किलो ३.७ ने घेतलं म्हणजे २२.२, संघाने ३.६ ने मोजलं म्हणजे २१.६. ही ०.६ ची तूट हस्तनोंदीच्याच दिवशी वाढत असेल तर सचिवांशी बोला, सगळ्याच दिवशी असेल तर मेकॅनिक बोलवा.